पंढरीच्या पायवाटा

पंढरपूरभोवतीचा भीमाकाठ सपाट. आडवा डोंगर नाही. पण आषाढात काळी माती पायाला चिकटते, गाडीचं चाक रुतवते. तरी माणसं चालतच आली. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेली देहूची पालखी इंदापूर, अकलूजवरून येते. आळंदीची माउलींची माळशिरस, वेळापूरवरून. दोन्ही वाखरीला येतात. कार्तिकीला तिथंच खिलार बैलांचा बाजार भरतो. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरास पोचली, पण दिंड्या थांबल्या नाहीत. २०२१ साली पालखी महामार्गांची पायाभरणी झाली; कडेला पायी चालणाऱ्यांची वाट आखली. गुरुजी, त्या वाटेवर मुलांकडून झाडं लावून घ्या. रस्ता यंत्रानं रुंद होतो. सावली माणसांनाच लावावी लागते.