चिलखत : दख्खनी घडण व जुळणी

चिलखत : शस्त्राघातापासून शरीराचे रक्षण व्हावे म्हणून योद्ध्याने अंगावर चढवावयाचे लोखंडाचे, चामड्याचे अथवा कापूस भरलेल्या कापडाचे आवरण. संस्कृतात यास वर्म, कवच, कंकट इ. संज्ञा आहेत. फार्सीतून आलेला ‘बख्तर’ हा शब्दही मराठीत रूढ आहे. रणगाड्यांच्या पथकांना मराठीत ‘चिलखती दल’ म्हणतात, त्यामुळे वस्तू नाहीशी झाली तरी शब्द टिकला. या दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे असून तेथेच १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. प्रस्तुत नोंदीत मध्ययुगीन दख्खनमधील, विशेषतः मराठ्यांच्या वापरातील, वैयक्तिक चिलखताची घडण व जुळणी यांचा विचार केला आहे.

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तराव्या सूक्तात धनुष्यबाणाबरोबर वर्माचीही स्तुती आढळते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आयुधागाराध्यक्ष या प्रकरणात लोहजालिका, लोहपट्ट, लोहकवच व सूत्रकंकट असे प्रकार दिले असून शिरस्त्राण, कंठत्राण, कूर्पास इ. अवयववार आवरणांची नावेही वेगळी नोंदविली आहेत. गेंडा, हत्ती, बैल यांच्या कातड्यांचा उपयोगही त्यात सांगितला आहे. म्हणजे जाळी, पत्रा आणि भरलेले कापड ही चिलखताची तीनही मूळ अंगे त्या काळी ज्ञात होती. पुढील सुधारणा मुख्यतः या तिन्हींचा मेळ घालण्याच्या कौशल्यात झाली. अकबराच्या काळातील आईन-इ-अकबरीत झिरह (कड्यांची जाळी), बगतर (जाळी व पट्ट्या), जोशन, चार-आईना, दस्तवाना अशी नावे आढळतात. हीच परिभाषा थोड्या अपभ्रंशाने दख्खनमध्ये आली. जिरेटोप या शब्दातील ‘जिरे’ हे असेच ‘झिरह’चे रूप होय. स्वयंपाकातील जिऱ्याशी त्याचा संबंध नाही.

बहमनी व त्यानंतरच्या शाह्यांच्या काळात दख्खनमध्ये चिलखतांचा मोठा वापर होता. १४७० नंतरच्या काही वर्षांत बीदर येथे राहिलेला रशियन प्रवासी अफानासी निकितिन याने सुलतानाच्या स्वारीतील पोलादी चिलखते घातलेल्या हत्तींचे वर्णन केले आहे. मोगल सैन्यातील बीकानेरचा महाराजा अनुपसिंह याने अदोनीच्या मोहिमेत मिळविलेली दख्खनी शस्त्रे व चिलखते बीकानेरच्या संग्रहात गेली. त्यांपैकी अनेकांवर अदोनी व १६८९ हे साल यांचा टिंबांनी ठोकलेला उल्लेख आहे. दख्खनी चिलखतांच्या काळनिश्चितीसाठी ही नोंद फार उपयोगी पडते, कारण इतरत्र बहुतेक चिलखतांवर ना कारागिराचे नाव असते, ना साल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील अकबराचे १५८१ चे चिलखत हा त्यातील एक सुदैवी अपवाद होय.

जाळीची घडण : कड्यांच्या चिलखताचे काम तारेपासून सुरू होते. नरम लोखंडाची सळई ठोकून बारीक करीत, नंतर क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून ती ओढून तार काढीत. ओढताना लोखंड ताठ होते, म्हणून मधूनमधून ते तांबूस होईपर्यंत तापवून सावकाश निववावे लागे. ही तार गोल गजावर वेटोळ्याने गुंडाळून वेटोळे छिन्नीने कापले, की उघड्या तोंडाच्या कड्या मिळतात. येथवरचे काम पोरसवदा उमेदवारही करू शके. खरे कौशल्य पुढे आहे. कडीची दोन टोके एकमेकांवर चढवावयाची, ती चपटी ठोकावयाची, चपट्या भागाला सुईसारख्या टोच्याने भोक पाडावयाचे आणि शेजारच्या चार कड्या तीत ओवून झाल्यावर त्या भोकात इवलासा खिळा घालून तो ठोकून बसवावयाचा. एका अंगरख्यासारख्या चिलखतास अशा वीस ते तीस हजार कड्या सहज लागतात. श्रम वाचविण्यासाठी काही ठिकाणी पत्र्यातून कापलेल्या अखंड कड्यांची एक ओळ आणि खिळा मारलेल्या कड्यांची एक ओळ अशी आलटूनपालटून योजना केलेली दिसते. भारतीय चिलखतांत मध्यभागी आडवी दांडी असलेल्या कड्याही आढळतात. त्यांतून बाणाचे वा कट्यारीचे टोक शिरणे अधिक कठीण होते. पितळी व लोखंडी कड्यांची चौकटीदार नक्षी ही केवळ शोभेची, तथापि तिच्यामुळे धनिकाचे चिलखत दुरूनही ओळखू येई.

खिळ्याच्या या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण चिलखताचे सर्व मोल त्यात आहे. केवळ टोके भिडवून सोडलेल्या कड्यांची जाळी तलवारीचा ओझरता वार अडवील. टोकदार शस्त्राच्या भोसकण्यापुढे मात्र तिच्या कड्या उघडतात. उत्तरकाळी, चिलखत हे दरबारी वैभवाचे चिन्ह उरले तेव्हा, अशी स्वस्त जाळी मोठ्या प्रमाणात झाली. संग्रहालयांतून पुष्कळदा हीच पाहावयास मिळते आणि ती पाहून ‘जुनी चिलखते दिखाऊच असत’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. जुन्या खऱ्या जाळीतही कित्येकदा न ठोकलेल्या कड्या सापडतात, पण त्या बहुधा नंतरच्या डागडुजीच्या असतात.

याच जातीचे काम कोल्हापूर परिसरातील वाचकास आजही पाहता येते, मात्र ते चांदीत. हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव पैंजण व चांदीच्या साखळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथेही तार काढणे, वेटोळे करणे, कड्या कापणे व एकात एक ओवणे हाच क्रम आहे. भेद शेवटच्या पायरीत. पैंजणाची कडी डाख देऊन सांधतात, चिलखताची खिळ्याने. डाखाने सांधलेली बारीक लोखंडी कडी आघाताखाली सांध्यावर तुटण्याचा संभव असतो, शिवाय हजारो कड्या एकेक करून तापविणे परवडण्यासारखे नव्हते.

पट्ट्या व पत्रे : जाळी वार अडविते, पण हादरा अडवीत नाही. गदेचा वा जड तलवारीचा आघात जाळी न तुटताही बरगडी मोडू शकतो. म्हणून छातीवर व पाठीवर लहान पोलादी पट्ट्या एकमेकींवर किंचित चढवून जाळीतच गुंफीत (बख्तर), किंवा जाळीवरून चार स्वतंत्र पत्रे पट्ट्यांनी बांधीत. छाती, पाठ व दोन बगला झाकणाऱ्या या चार पत्र्यांस चार-आईना, म्हणजे चार आरसे, असे नाव आहे. चकचकीत घासलेल्या पत्र्यास ते शोभते. पत्रा बाकदार करण्यासाठी तो खोलगट लाकडी ठोकळ्यावर आतून ठोकीत आणि ऐरणीवर बाहेरून सारखा करीत. छातीवर जाडी अधिक व कडेला कमी ठेवणे हे जाणत्या लोहाराचे लक्षण. शेवटी पत्र्यास ‘पाणी देत’, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण करीत. मात्र अति कठीण पत्रा तडकतो, म्हणून तो पुन्हा मंद तापवून कठीणपणा थोडा उतरवावा लागे. नंतरची घासणी शिकलगार करी. दक्षिण महाराष्ट्रात आडनावाच्या रूपाने हा धंदा आजही सर्वपरिचित आहे.

टोप हा बहुधा एकाच पत्र्यातून उठविलेला किंवा दोन भाग जोडून केलेला असे. त्यास वरखाली सरकणारी व मळसूत्राने घट्ट करता येणारी नाकपट्टी, तुऱ्यासाठी खोबण्या आणि मान व गाल झाकणारी कड्यांची झालर असे. मनगटापासून कोपरापर्यंत बिजागरीचा दस्ताना. दांडपट्टा चालविणाऱ्यास उजव्या हाताचा दस्ताना लागत नसे, कारण पट्ट्याची मूठच कोपराच्या दिशेने चढणाऱ्या लोखंडी खोबळ्यात असते.

जुळणी : चिलखत बाजारातून आणून चढविण्याची वस्तू नव्हती, ते अंगाबरोबर जुळवावे लागे. काखेत कड्या वाढवून सैलपणा देणे, कमरेशी घटवून घेर आवळणे, घोड्यावर मांड टाकता यावी म्हणून पुढे व मागे चीर ठेवणे, ही शिंप्याचीच कामे लोखंडात करावयाची. चढविण्याचा क्रम खालून वर असे : प्रथम चोळणा व मोजे, मग कापूस भरलेला डगला, त्यावर जाळी, नंतर पत्रे, दस्ताने व सर्वांत शेवटी टोप. आतील डगला नसेल तर उत्तम जाळीही निम्म्या कामाची. जाळीच्या चिलखताचे वजन सामान्यतः ८ ते १४ किग्रॅ. असते. ते सर्व खांद्यांवर लोंबू नये म्हणून कमरबंद घट्ट आवळून भार कमरेवर घेत. ही साधी युक्ती ठाऊक नसल्याने आज हौसेने चिलखत घालणारे लवकर दमतात. यूरोपातील पंधराव्या शतकातील संपूर्ण पत्र्याचे चिलखत २० ते ३० किग्रॅ. भरे. त्याचा भार सर्व शरीरावर वाटला गेल्याने ते घालून पळता व घोड्यावर चढता येत असे. मिलान व ऑग्सबर्ग येथील कारागीर त्यासाठी विशेष नावाजलेले होते. दख्खनच्या उन्हात, डोंगरी मुलखात आणि लांब पल्ल्याच्या दौडीत तशा बंदिस्त चिलखतास वाव नव्हता. येथील योद्ध्याने जाळी पसंत केली ती लोहाराच्या अज्ञानामुळे नव्हे.

मराठी फौजेत बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचे घोडे व स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस येई. चिलखत त्याच्या घरच्या भांडवलापैकी होते. साहजिकच बहुतेकांचे चिलखत म्हणजे वडिलांची जाळी, लुटीत मिळालेला टोप आणि गावच्या लोहाराने बसविलेला दस्ताना असा जुळविलेला संच असे, आणि ज्यास तेही परवडत नसे तो डगला व ढाल यांवर भागवी. एकाच घडणीचा संपूर्ण संच ही सरदारांची गोष्ट. संग्रहालयांत मेळ न बसणारे भाग एकत्र मांडलेले दिसले, तर ती मांडणाऱ्याची चूकच असते असे नाही.

चिलखताच्या वापराचा महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीची प्रतापगडाखालील अफझलखानाची भेट. शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत व मंदिलाखाली टोप घातला होता आणि खानाचा वार त्यावर खरखरत गेला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. कारागिरीच्या दृष्टीने तिचा विचार सहसा केला जात नाही. भेट सलोख्याची म्हणून ठरलेली, तेव्हा चिलखत दिसून चालणार नव्हते. पत्रे वा जाड पट्ट्या असलेले चिलखत आलिंगन देताना हाताला तत्काळ लागले असते. येथे अंगास चिकटून बसणारी, बारीक कड्यांची जाळीच उपयोगी, आणि कट्यारीसारखे टोकदार शस्त्र अगदी जवळून लागणार असल्याने तिच्या कड्या ठोकून बंद केलेल्या असणे अटळ. त्या दिवशी स्वराज्याचे भवितव्य एका अनामिक कारागिराच्या खिळ्यांवर उभे होते असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे १६७७-७८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. शस्त्रविषयक शब्दसंपत्ती तोवर किती वाढली होती, हे त्यावरून समजते.

ऱ्हास : बंदुकीच्या गोळीपुढे टिकेल इतका जाड पत्रा अंगावर वागविणे अशक्य झाले, तेव्हा जगभर चिलखत मागे पडले. अठराव्या शतकात कवायती पायदळ व तोफखाना यांना महत्त्व आल्यावर मराठी फौजांतही ते सरदारांपुरते उरले. कोल्हापूर संस्थानात १८४४ चे गडकऱ्यांचे बंड मोडल्यानंतर वंशपरंपरागत शिबंदी बंद झाली व गडांची तटबंदी पाडण्यात आली. त्याबरोबर जुन्या शस्त्रांची मागणीही संपली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा राजर्षी शाहू छत्रपतींनी पन्हाळ्यावरील निकामी तोफा लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना नांगर ओतण्यासाठी दिल्या, ही हकीकत या भागातील लोखंडाच्या बदललेल्या उपयोगाची साक्ष आहे.

अलीकडील निर्मिती : कोल्हापूरजवळील पुलाची शिरोली येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत मुख्यतः ओतशाळा व यंत्रकाम यांसाठी ओळखली जाते. वाहने व पंप यांचे सुटे भाग तेथे ओतले जातात. इतके लोखंड हाताळणाऱ्या ठिकाणी चिलखत सहज होईल असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु ओतीव बीड या कामास सर्वथा निरुपयोगी आहे. त्यातील कर्बाचे प्रमाण अधिक असल्याने ते दाबास टिकते, पण आघाताने फुटते. चिलखतास घडीव व लवचिक धातू लागतो. अशा वसाहतीतील उपयोगी भाग म्हणजे पत्रा दाबण्याची यंत्रे आणि पोलादास तापवून पाणी देण्याच्या नियंत्रित भट्ट्या. जुना लोहार रंगावरून ताडीत असलेले तापमान त्या भट्ट्यांत मोजून साधता येते. सव्वा ते दीड मिमी. जाडीचा सौम्य पोलादाचा पत्रा टोप व दस्ताने यांस, तर तितक्याच जाडीची तार ८ ते १० मिमी. व्यासाच्या कड्यांस पुरते. कडीचे टोक चपटे करणे व भोक पाडणे ही कामे लहान दाबयंत्रावर होऊ शकतात. कड्या ओवून खिळा ठोकणे मात्र अजूनही हातानेच करावे लागते, आणि एका माणसास त्यास कित्येक महिने लागतात. त्यामुळे चित्रपट, मिरवणुका व मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके यांसाठी बहुधा टोके भिडविलेल्या कड्यांची, ॲल्युमिनियमच्या तारेची किंवा रुपेरी रंग दिलेल्या विणकामाची चिलखते वापरली जातात. दुरून ती शोभतात. त्यांच्यावर प्रत्यक्ष शस्त्राची परीक्षा करणे मात्र धोक्याचे आहे.

जुन्या चिलखतांची निगा : पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात माशांचे खवले व मगरीचे कातडे यांपासून बनविलेले चिलखत आहे. अशा सेंद्रिय वस्तूंना कोरडेपणाचा, तर लोखंडी जाळीला दमटपणाचा धोका असतो. पावसाळ्यात जाळीच्या सांध्यांत साचलेला ओलावा आतल्या आत खिळे खातो व वरून चिलखत धड दिसत असतानाच कड्या सुटू लागतात. ते खुंटीवर टांगून ठेवल्यास स्वतःच्या भारानेच खांद्यापाशी फाटते. म्हणून ते आडवे, आतून मऊ कापडाचा आधार देऊन ठेवावे. घराण्यातील जुने चिलखत चकचकीत करण्यासाठी ते आम्लात बुडविण्याची किंवा वाळूने घासण्याची चाल आहे, ती सर्वस्वी त्याज्य होय. त्यात गंजाबरोबर खिळ्यांची डोकी आणि असल्यास टिंबांनी कोरलेली अक्षरेही जातात.