अक्षय थाळी

दिवाळीच्या फराळाचे सामान काढताना घरोघरी एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो: एवढ्यात भागेल का? आमच्या मंठ्याकडे हा प्रश्न दिवाळीपुरता नसतो. एका अंगाला लोणारचे खारे सरोवर, दुसऱ्या अंगाला वाटूरवरून जालन्याला जाणारी सडक, आणि भोवती पावसाच्या तोंडाकडे पाहत पडलेली ज्वारी-कापसाची काळी जमीन. कणगीत हात घालून तळ किती राहिला याचा अंदाज घेणारी आजी ज्याने पाहिली आहे, त्याला दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अशा मुलखात अक्षय थाळीची कथा सर्वांना आवडावी यात नवल नाही. द्रौपदीचे जेवण झालेले, थाळी घासूनपुसून ठेवलेली, आणि दुर्वास शिष्यांसह दारात. श्रीकृष्णाला थाळीत भाजीचे एक पान चिकटलेले सापडते आणि तेवढ्याने सगळ्यांची पोटे भरतात. ख्रिस्ती घरांत अशीच एक गोष्ट सांगितली जाते. सारफथ गावची एक विधवा. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडेसे तेल. शेवटची भाकरी भाजायची, मायलेकरांनी खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, एवढेच तिच्या मनात. तेवढ्यात एलीया संदेष्टा येतो आणि म्हणतो, आधी माझ्यासाठी भाकरी कर. मोठा विचित्र पाहुणा! पण ती करते, आणि पावसाळा येईपर्यंत तिचे पीठ सरत नाही. यात भाकरी आधी द्यायची आहे, पीठ न सरणे नंतरचे. क्रम असा आहे, आणि अवघड तोच आहे. पोथीत तो गोड वाटतो. हाडामांसाच्या माणसांनी तो चालवून पाहिला तेव्हा काय झाले, हे इतिहासाला विचारावे.

पहिले उदाहरण आमच्या जिल्ह्यातलेच आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. शहरात खळबळ उडाली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या आश्रयाला गेला होता; खटला होऊन न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले, आणि त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी जी खटपट केली ती प्रसिद्धच आहे. नारायणाला मात्र परतीची वाट उरली नाही. बरे, ज्या आधाराला तो गेला तो तरी भक्कम असावा! त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी नव्या फ्री चर्चकडे गेले, शाळेची इमारत जुन्या पक्षाकडे राहिली, आणि या मंडळींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. घर सोडून आलेल्या मुलाने पाहिले ते हे, की आसरा देणारेच बेघर झाले आहेत.

हेच नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि १८६०नंतरच्या दशकात जालन्याला येऊन राहिले. मुलूख निजामाचा. त्यांच्याकडे आले ते बहुतेक मांग समाजातले, म्हणजे गावकुसाबाहेरचे, ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही असे लोक. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून शेषाद्रींनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथे वस्ती वसवली. नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. बायबलात याकोब घरातून पळालेला असतो. हाती काठी, उशाला धोंडा. त्या उघड्या माळावर स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते, आणि जागा झाल्यावर तो त्या जागेला हे नाव देतो. उघड्या रानाला देवाचे घर म्हणणारा मनुष्य भाबडा असेल असे वाटते. पण शेषाद्री भाबडे नव्हते. पैशासाठी त्यांनी समुद्र ओलांडले. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत हा पागोटेवाला मराठी ब्राह्मण अस्खलित इंग्रजीत बोलला, तेव्हा अमेरिकन लोक पाहतच राहिले म्हणतात. देवावर भरवसा होता, आणि वर्गणीची वहीही होती. १८९१ साली ते वारले. त्यानंतर पाचच वर्षांनी दुष्काळ आला.

त्या दुष्काळातली खरी गोष्ट मात्र जालन्याची नाही. ती पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावची आहे.

पंडिता रमाबाईंना उपास कोणी शिकवावा लागला नव्हता. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे हे कुटुंब १८७०नंतरच्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात सापडले. भांडी गेली, दागिने गेले, पानेही खाऊन झाली. शेवटी वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास म्हणाला की, मी मजुरी करतो. शास्त्र्याच्या मुलाने मजुरी करायची! त्या घरात ही सूचना समाधीपेक्षाही कठीण होती. आई, वडील, थोरली बहीण तिघेही गेली. हे सारे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात नेले. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले होते. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, पुढे धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केले हे पुष्कळांना ठाऊक असेल. १८९३ साली सदनात ख्रिस्ती शिकवण दिली जाते असा बोभाटा झाला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दहा वर्षांची मुदतही संपत येणार होती. बाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली, ती यासाठीच. झाडे फळाला आली तर सदनाला मिळकत होईल. हा शहाण्या प्रपंची माणसाचा हिशेब झाला.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि तो हिशेब मोडला. बाई स्वतः तिकडे गेल्या. रस्त्याकडेला पडलेली हाडांची मुले पाहिली, आणि त्यांना दिसली असेल ती वीस वर्षांपूर्वीची रमा. सदनात तेव्हा शंभरही मुली नव्हत्या. अमेरिकेचा पैसा बालविधवांच्या शाळेसाठी होता, दुष्काळग्रस्तांसाठी नव्हे. त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणल्या. त्यात १८९७ साली पुण्यात प्लेग! शहरात नव्या मुली ठेवायला सरकारची मनाई. मग त्या केडगावच्या रानात, तंबूंत आणि झोपड्यांत, त्या झाडांच्या रोपट्यांशेजारी राहिल्या. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेकडूनही मुली आल्या आणि माणसे दोन हजारांच्या घरात गेली.

इथे वाचकाच्या मनात येईल ते लिहिलेच पाहिजे. भुकेल्याला भाकरी द्यायची आणि धर्मही द्यायचा, हे बरे का? त्या काळी हा आक्षेप कडाडून घेतला गेला. तो पोकळ आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या पोटात दोन दिवस अन्न नाही त्याला निवड कसली करता येते? पण आक्षेप घेणाऱ्या किती जणांनी त्या मुली आपल्या घरी नेल्या, हेही त्याच दमात विचारावे लागते. आणि ज्या आल्या त्या साऱ्या जगल्या असेही नाही. कित्येकींच्या अंगात अन्न पचवण्याची ताकद उरली नव्हती. सारफथची गोष्ट सांगताना हे झाकू नये.

बाईंनी ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते. कोणाकडे हात न पसरता, फक्त प्रार्थना करून, त्याने हजारो पोरकी मुले वाढवली. रमाबाईंना ही रीत पटली. पण त्यांची प्रार्थना हात जोडून बसलेली नव्हती. केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गाई पाळल्या, मागावर कापड विणले गेले, छापखाना चालला. श्रीनिवास मजुरी करतो म्हणाला होता. त्याची बहीण दोन हजार जणींना घेऊन तेच करीत होती असे मला नेहमी वाटते. १९०७ साली त्यांनी आपली जीवनकथा इंग्रजीत लिहिली. तिच्या नावाचा मराठी अर्थ होतो: आमच्या अक्षय भांडाराची साक्ष. पुराणिकाच्या या लेकीने 'अक्षय' हा अर्थ असलेला शब्द निवडताना द्रौपदीची थाळी तिच्या डोळ्यांपुढे आलीच नसेल, असे मानायला मन घेत नाही.

एक गंमत मनात येते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना माहीत आहे की, रेव्हरंड टिळक पैसे वाटून मोकळे होत आणि चूल पेटवण्याची काळजी लक्ष्मीबाईंवर पडे. देवावर भरवसा पुरुषाने टाकायचा आणि पीठ बाईने पुरवायचे, असे पुष्कळ घरांत चालते. केडगावची गोष्ट वेगळी ती इथे. भरवसा आणि पीठ, दोन्ही एकाच बाईच्या अंगावर होते.

शेवटची वर्षे त्यांनी एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल बायकापोरींना कळेल अशा सोप्या मराठीत आणले. वारसा सांभाळील अशी एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. बाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. खिळे जुळवायला, कागद ओढायला, फर्मे शिवायला तिथल्याच बायका होत्या.