बाळूचा चेंडू बघायला चला

उठा, गाडी चुकेल. 1906 सालातली माघाची पहाट आहे. उल्हास नदी धुक्यात बुडालीय आणि कर्जतच्या फलाटावर तुमचे पाय गारठलेत. खालापूरहून रात्रभर बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आलेली मंडळी शेजारी उकिडवी बसलीत. त्यांच्या घोंगड्यांना रात्रीच्या पोपटीचा वास येतोय, भांबुर्डीच्या पाल्याचा आणि भाजलेल्या वालाच्या शेंगांचा. एक म्हातारी तुमच्या ओंजळीत बोरं टाकते. दोन खा, बाकीची खिशात ठेवा.

घाट उतरून पुण्याची गाडी येते. आधी तापलेल्या लोखंडाचा वास येतो, मग गाडी. तिसऱ्या वर्गात घुसा. फळीवर जागा नसली तरी गाठोड्यावर मिळेल. नेरळ येईतो डोळ्यात कोळशाचा कण गेलेला असतो आणि समोरचा पुणेकर बोलायला लागलेला असतो. बाळू पालवणकरला त्याने पुण्यात पाहिलंय. गोऱ्यांच्या जिमखान्यात बाळू महिना 4 रुपयांवर कामाला होता. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, चुन्याच्या रेघा मारायच्या. मग ग्रेगसाहेबासारख्या फलंदाजांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र साहेबांनी त्याच्या हातात कधी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघात तो आला, पण चांभाराचा म्हणून मैदानाबाहेर वेगळा. चहाच्या सुट्टीत गडी आत बसून कपांनी चहा प्यायचे आणि बाळूचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. हे सांगताना पुणेकर खिडकीबाहेर बघतो. डब्यातही कोण कोणाला खेटून बसलंय आणि कोण अंग चोरून दाराशी उभं आहे, ते तुम्हाला आता दिसायला लागतं.

बोरीबंदरला उतरलात की गर्दीच तुम्हाला पुढे नेते. बॉम्बे जिमखान्याची सावली साहेबांची. तुमच्या वाट्याला मैदानाची धूळ आणि डोक्यावर ऊन. घामाचा, विडीचा, भाजक्या शेंगदाण्यांचा वास येतोय. झाडांच्या फांद्या माणसांनी वाकल्यात. टाचा उंच करा. पुढच्याचं पागोटं आडवं येणारच.

हिंदू आणि साहेबांच्या सामन्याचा आज शेवटचा दिवस. हिंदूंच्या 242 आणि 160 धावा झाल्यात, साहेबांच्या पहिल्या डावात 191. जिंकायला त्यांना 212 हव्यात.

आणि तो बघा, डावखुरा. दोनचार पावलं सहज टाकतो आणि चेंडू असा सोडतो, जणू लहान पोराशी खेळतोय. साहेब पुढे येतो, पण चेंडू बॅटीला हूल देऊन वळलेला असतो. जोर कुठेच दिसत नाही. मला तर वाटतं, जाळीतल्या त्या हजारो चेंडूंमध्ये बाळूने साहेबांची बॅट स्वतः धरणाऱ्यापेक्षाही बारकाईने वाचली असावी. त्याचा धाकटा भाऊ शिवरामही आज याच मैदानात आहे.

एकेक साहेब परत जातो, तसा आवाज चढत जातो. आधी टाळ्या, मग शिट्ट्या, मग नुसती आरोळी, कानाला दडे बसवणारी. 102 वर सगळे बाद! 109 धावांनी विजय! अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारतो. तुम्ही त्याची जात विचारत नाही, तोही तुमची विचारत नाही.

घाई करू नका, तंबूकडे सरका. या संघातले गडी आता बाळूच्या पंगतीला बसतात. पुण्यातलं ते मातीचं भांडं आठवत असेल, तर एवढं डोळ्यांनी बघूनच निघा.

परतीच्या गाडीत घसा बसलेला आणि केसांत धूळ. कर्जतला उतरता तेव्हा रात्र झालीय. घाट चढणाऱ्या गाडीला मागून लावायचं इंजिन फुसफुसतंय, त्याच्या भट्टीच्या उजेडात दोन पोरं उभी आहेत. "काय झालं हो तिकडं?" ती विचारतात. तुम्ही खिशातलं बोर काढता, डाव्या हाताच्या बोटांत धरता आणि त्यांना तो चेंडू टाकून दाखवता.