नाव, नोंद आणि श्रेय : लिन कॉनवे यांच्या दोन कारकिर्दी

तंत्रविद्येचा इतिहास मुख्यतः अहवाल, एकस्वे, पाठ्यपुस्तके आणि सेवापत्रके यांच्या आधारे लिहिला जातो. या सर्व साधनांना जोडणारे सूत्र म्हणजे कर्त्याचे विशेषनाम. विशेषनामास स्वतःचा अर्थ नसतो. ते एका व्यक्तीकडे केवळ निर्देश करते. हा निर्देश खंडित झाला म्हणजे कागद शिल्लक राहूनही त्याचा कर्ता हरपतो. पारलिंगी अभियंत्यांच्या चरित्रांचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेतील संगणक-अभियंत्या लिन कॉनवे (१९३८–२०२४) यांचे जीवन हे त्याचे ठळक उदाहरण होय.

कॉनवे यांनी कोलंबिया विद्यापीठातून १९६२ साली अभियांत्रिकीची पदवी व १९६३ साली विद्युत् अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी संपादन केली. १९६४ मध्ये त्या आयबीएमच्या संशोधन विभागात दाखल झाल्या व एका अतिवेगवान संगणकाच्या योजनेवर काम करू लागल्या. आज्ञा ज्या क्रमाने लिहिल्या, त्याच क्रमाने संगणकाने त्या पार पाडाव्यात, अशी सामान्य रीत होती. त्यामुळे एक आज्ञा अडली की मागच्या सर्व आज्ञा खोळंबत. ज्या आज्ञांची सामग्री सिद्ध आहे त्या आधी उरकाव्यात, एका वेळी अनेक उरकाव्यात आणि अडलेल्यांना थांबू द्यावे, यासाठी कॉनवे यांनी १९६५ च्या सुमारास एक पद्धती शोधून काढली. पुढील काळातील वेगवान संगणकांत हेच तत्त्व सर्वत्र रूढ झाले.

१९६८ मध्ये त्यांनी स्त्री म्हणून जगण्याचा आपला निश्चय प्रकट करताच कंपनीने त्यांना सेवामुक्त केले. विवाह मोडला, दोन मुलींच्या सहवासासही त्या मुकल्या. नवे नाव धारण करून त्यांनी कंत्राटी आज्ञावलीकार म्हणून पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रारंभ केला. येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे. अंगचे कौशल्य नव्या नावाने पुन्हा सिद्ध करता येत होते. परंतु पूर्वीच्या कामावर हक्क सांगणे म्हणजे पूर्वायुष्य उघड करणे होते. त्यामुळे आयबीएममधील शोधास कर्ता असूनही तो मौनात राहिला. ती योजनाही १९६९ मध्ये बंद पडली.

दुसरी कारकीर्द मात्र पहिलीहूनही फलदायी ठरली. मेमोरेक्स कंपनीतील कामानंतर १९७३ मध्ये कॉनवे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रुजू झाल्या. तेथे कॅलटेकचे प्राध्यापक कार्व्हर मीड यांच्या सहकार्याने त्यांनी चिप-रचनेचे शास्त्र सुगम केले. प्रत्येक कारखान्याचे नियम निराळे व किचकट असत. त्यांऐवजी एकाच मूलभूत लांबीच्या पटींत मांडलेले मोजके नियम त्यांनी दिले. त्यामुळे कारखान्याबाहेरील विद्यार्थ्यालाही चिपची रचना करणे शक्य झाले. १९७८ मध्ये त्यांनी एमआयटीत या विषयाचा अभ्यासक्रम शिकविला. १९७९ च्या एमपीसी७९ या उपक्रमात १२ विद्यापीठांतील १२४ रचनाकारांचे ८२ आराखडे अर्पानेट या संगणक-जाळ्यावरून एकत्र येऊन प्रत्यक्ष चिपांत उतरले. मीड व कॉनवे यांचा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला आणि अनेक विद्यापीठांत पाठ्यपुस्तक म्हणून स्वीकारला गेला. १९८५ मध्ये त्या मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या व १९९८ मध्ये तेथून निवृत्त झाल्या.

त्याच सुमारास क्लेमसन विद्यापीठातील मार्क स्मॉदरमन हे आयबीएमच्या त्या बंद पडलेल्या योजनेचा इतिहास धुंडाळीत होते. कॉनवे यांच्यासमोर आता स्पष्ट पर्याय उभा राहिला : मौन पाळावे, तर इतिहास अपूर्ण राहणार, बोलावे, तर तीस वर्षे जपलेले गुपित फुटणार. त्यांनी बोलण्याचा मार्ग पत्करला. त्यांनी जपून ठेवलेल्या मूळ कागदपत्रांमुळे योजनेच्या इतिहासातील महत्त्वाचा दुवा जुळला. अर्थात् श्रेय हरपण्याचे कारण केवळ नामांतर नव्हते. ज्यांच्याकडून नवनिर्मितीची अपेक्षाच केली जात नाही, त्यांचे कर्तृत्व दिसेनासे होते, असे कॉनवे यांनी स्वतः २०१८ मधील एका लेखात प्रतिपादिले आहे.

इंग्लंडमधील सोफी विल्सन यांचे चरित्र याच्याशी ताडून पाहावे. एकॉर्न कंपनीच्या एआरएम या प्रक्रियकाचा आज्ञासंच त्यांनी रचला; त्याची पहिली चिप १९८५ मध्ये चालू झाली. त्या १९९४ पासून स्त्री म्हणून जगू लागल्या. त्यांना आपले पूर्वीचे कार्य लपवावे लागले नाही. त्या कार्याशी त्यांचे नाव आजही निःसंदिग्धपणे जोडलेले आहे. यावरून असे दिसते की, नामांतर हे स्वतः नोंदीस घातक नसते. ते लपविण्याची सक्ती घातक असते.

आयबीएमने २०२० मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी, कॉनवे यांची जाहीर क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेचे नैतिक मोल आहेच. परंतु इतिहासलेखनाच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते कॉनवे यांनी स्वतः राखलेले दप्तर. ते नसते, तर शोध राहिला असता आणि शोधक मात्र निनावी ठरला असता. ज्यांचे दप्तर वाटेत नष्ट झाले, अशांची गणना इतिहासकारास करता येत नाही. म्हणून उपलब्ध नामावली हीच संपूर्ण नामावली होय, असे त्याने कधीही गृहीत धरू नये.