नारळही वाढवतो, बियाणेही निवडतो

देवावर हवाला ठेवणारा माणूस उद्याची तरतूद करत नाही, हे मत शिकल्यासवरल्या मंडळींत पक्के रुजले आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. ‘देवाची मर्जी’ म्हटले की चूक शोधण्याचे काम संपते आणि जबाबदार कुणीच उरत नाही. गंमत अशी, की कडवे भाविकही हेच बोलतात: श्रद्धा पुरी असेल तर आखणी कशाला? दोघांचेही गृहीत एकच, की भरवसा वाढला की तयारी घटते. ते गृहीतच चुकीचे आहे.

कर्जतजवळच्या भिसेगावच्या आसपासची भातशेती पाहा. राब भाजून होतो, गावदेवीला नारळ वाढवला जातो. त्याच घरातला बियाण्याचा हिशेब काय असतो? माळाच्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात. खोलगट, पाणथळ खाचरात उशिरा पिकणारे गरवे. पावसाने सप्टेंबरातच पाठ फिरवली तर गरवे पोटरीत अडकते, पण हळवे तोवर हाताशी आलेले असते. परतीचा पाऊस रेंगाळला तर कापून पसरलेल्या हळव्याला कोंब फुटतात; गरवे मात्र उभे असते. पाऊस आपल्या हातात नाही हे मनोमन मानल्याशिवाय अशी विभागणी सुचेल का? कर्जतचे भात संशोधन केंद्र 1919 चे. कर्जत-3 हे हळवे आणि कर्जत-2 हे गरवे वाण तिथलेच. ते पेरणाऱ्यांनी आधी देव सोडला होता काय?

शास्त्राचाच आधार हवा असेल तर गीतेचा 18वा अध्याय उघडावा. कर्म सिद्धीस जायला तिथे 5 कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना चेष्टा आणि दैव. दैव पाचवे आहे. पहिली चार वगळून पाचव्याच्या नावाने हात जोडून बसायची मुभा तिथे नाही. पाचवे खोडून सगळे माझ्याच हिशेबाने होईल म्हणणाऱ्यालाही नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. 19 जुलै 2023 च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ताच राहिली. दैववादाने माणसे डोंगराच्या कुशीत अडकून पडतात, असे तेव्हाही ऐकू आले. पण ठाकर आदिवासींच्या त्या वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतच नव्हते. हे खुद्द सरकारने विधिमंडळात सांगितले. तिथल्या माणसांनी कुठला इशारा धुडकावला? जो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, तो? यादी करणे हे काम देवाचे नव्हते, वाडीचेही नव्हते. ती नकाशे आणि निकष हाताशी असलेल्या यंत्रणेने केली होती. यादीतली ती चूक श्रद्धेच्या खात्यावर कशी टाकता येईल, हे वाचकानेच ठरवावे.