सुरतेची धुराडी आणि मोजमापाची विश्वासार्हता

सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील प्रमुख केंद्र. पांडेसरा, सचिन आदी औद्योगिक वसाहतींत कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने दाटीने उभे आहेत. त्यांना लागणारी वाफ मुख्यतः कोळसा व लिग्नाइट जाळून मिळवली जाते. या ज्वलनातून बाहेर पडणारे सूक्ष्म धूलिकण थेट फुप्फुसांत उतरतात. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहतात. त्यामुळे सुरतेच्या हवेचा प्रश्न हा मराठी माणसाच्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९८१ साली झाला. धुराड्यातून निघणाऱ्या वायूच्या प्रत्येक घनमीटरमध्ये १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक धूलिकण नसावेत, असा निकष या उद्योगांना लागू होता. मात्र या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. तपासणी अधूनमधून होत असल्याने उरलेल्या दिवसांत धुराड्यातून काय बाहेर पडते, हे कळत नसे. शिवाय निकष केवळ धुरातील धूलिकणांच्या प्रमाणाचा असल्याने हवेत एकूण किती टन धूळ मिसळली, याचा हिशेब लागत नसे.

तपासनीस कोणाचा?

गुजरात उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने १९९६ मध्ये राज्यात त्रयस्थ पर्यावरण लेखापरीक्षणाची पद्धत सुरू झाली. मात्र लेखापरीक्षकाची निवड कारखानदारच करी आणि मानधनही तोच देई. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत परिसरातील कारखान्यांत या पद्धतीची पारख केली. प्रचलित पद्धतीतील अहवालांनुसार धूलिकणांचा निकष मोडणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. स्वतंत्र फेरतपासणीत हे प्रमाण ५९ टक्के आढळले.

त्यानंतर प्रयोगातील काही कारखान्यांसाठी लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नेमण्यात आले, त्यांचे मानधन सामायिक निधीतून दिले गेले आणि त्यांच्या नोंदींची फेरतपासणी होऊ लागली. परिणामी खोटे अहवाल मोठ्या प्रमाणात घटले आणि कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. उपकरणे तीच होती. बदलले होते ते तपासनिसाचे उत्तरदायित्व.

अखंड नोंद आणि परवान्यांचा बाजार

या संशोधनाची पुढची पायरी सुरतेतच पडली. धुराड्यांवर संवेदक बसवून धूलिकणांची अखंड नोंद थेट मंडळाकडे पाठविण्याची व्यवस्था करण्यात आली. अशा संवेदकाचे आकडे आपोआप खरे ठरत नाहीत. प्रत्यक्ष नमुना घेऊन त्याचे वजन करायचे आणि संवेदकाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा, हे काम वेळोवेळी करावेच लागते.

या नोंदींच्या आधारे ५ जून २०१९ रोजी उत्सर्जन व्यापार योजना जाहीर झाली. धूलिकणांसाठीची ही जगातील पहिलीच बाजारव्यवस्था होय. योजनेतील सर्व कारखान्यांच्या एकत्रित उत्सर्जनावर मर्यादा घालून ती परवान्यांत विभागली जाते. एक किलो धूलिकणांसाठी एक परवाना लागतो. बहुतांश परवाने मोफत वाटले जातात, उर्वरितांचा लिलाव होतो. कमी प्रदूषण करणारा उद्योग शिल्लक परवाने विकू शकतो. अधिक प्रदूषण करणाऱ्याला ते विकत घ्यावे लागतात. परवाने अपुरे पडल्यास आगाऊ ठेवलेल्या अनामतीतून भरपाई कापली जाते.

संशोधकांनी ३१७ कारखान्यांची दोन गटांत विभागणी केली. त्यांपैकी १६२ बाजारात सहभागी झाले, उर्वरित जुन्याच नियमांखाली राहिले. जुन्या नियमांखालील कारखान्यांच्या तुलनेत बाजारातील कारखान्यांचे धूलिकण उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी राहिले आणि त्यांच्यापैकी ९९ टक्क्यांनी आवश्यक तितके परवाने राखले. प्रदूषण कमी करण्याचा खर्चही घटला.

मर्यादा

योजनेची कक्षा मर्यादित आहे. ती फक्त धुराड्यातील धूलिकण मोजते. वाहनांचा धूर, रस्त्यांवरील धूळ किंवा तापीच्या पाण्याची प्रत तिच्यात येत नाही. संवेदक बंद पडला वा त्यात फेरफार झाला, तर सारा हिशेबच कोसळतो. म्हणूनच यंत्रांची देखभाल हा या व्यवस्थेचा कणा ठरतो.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये उद्योगांना धूलिकण उत्सर्जनानुसार एक ते पाच तारे देऊन ती माहिती जनतेसाठी खुली करण्यास सुरुवात केली. दोन्ही उपक्रमांचा मार्ग वेगळा असला तरी आधार एकच आहे. मोजणारा ज्याला मोजतो त्याचाच आश्रित नसेल आणि त्या आकड्याला परिणाम जोडलेला असेल, तेव्हाच मोजमापातून हवा स्वच्छ होते. नद्या, खाणी वा किनारे यांची देखरेख करणाऱ्या कोणत्याही राज्याला हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतील.