खाडीतली जकात आणि लिस्बनचा हुंडा

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास कल्याणहून भात किंवा लाकूड भरून मुंबईला निघालेल्या मचव्याला ठाण्याच्या खाडीत थांबावंच लागे. कल्याण मराठ्यांचं, मुंबई इंग्रजांची आणि मधलं पाणी पोर्तुगीजांचं. ज्या पाण्यात ठाण्याच्या चेंदणी-कोपरीचे कोळी जाळी टाकत, तिथेच पोर्तुगीज जकातदार माल मोजत बसलेला असे. पलीकडे उरणच्या बाजूला, करंजाला, दुसरं नाकं. मुंबईचे इंग्रज या जकातीवरून वर्षानुवर्षं चरफडत राहिले, कारण मुंबईचं धान्य आणि इमारती लाकूड बरंचसं याच वाटेने यायचं.

एवढ्याशा टापूत तीन मालक कसे झाले? पोर्तुगीज इथे आले ते गुजरातच्या बहादूरशहामुळे. मोगलांच्या भीतीने त्याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर साष्टी, मुंबई ही बेटं त्यांना देऊन टाकली. पुढची वाटणी मात्र इथल्या कुणी केली नाही. ती झाली युरोपातल्या दोन लांबलेल्या युद्धांच्या हिशेबात.

१५७८ मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबॅस्टियन मोरोक्कोतल्या लढाईत मेला. त्याला मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांनी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने आईकडचं नातं पुढे करून ती गादी मिळवली. फिलिपविरुद्ध नेदरलँड्समध्ये १५६८ पासून बंड पेटलं होतं. ते ८० वर्षं चाललं. गादीबरोबर पोर्तुगालला हा वैरीही वारशात मिळाला. नेदरलँड्सचे डच तोवर मसाला लिस्बनच्या बाजारात विकत घेत होते. ते दार बंद होऊ लागताच त्यांनी स्वतःची जहाजं पूर्वेला धाडली आणि १६०२ मध्ये कंपनी काढली. मग १६४१ ला मलाक्का गेलं, १६५६ ला कोलंबो, १६६३ ला कोची. वसई-ठाण्याला धक्का लागला नाही, पण गोव्याच्या तिजोरीत उरलं काय, हा प्रश्न होताच.

तोवर पोर्तुगालनेही १६४० मध्ये स्पेनविरुद्ध उठाव केला होता. हे युद्ध २८ वर्षं चाललं. एका अंगाला स्पेन, दुसऱ्याला डच, आणि मदतीला कुणी नाही. अशा अडचणीत लिस्बनने १६६१ मध्ये राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. हुंड्यात २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालला सैन्य द्यायचं. आपल्याकडे मुंबईच्या हुंड्याची गोष्ट लग्नाची गंमत म्हणून सांगतात. खरं तर ते युद्धाचं बिल होतं आणि ते मुंबईच्या रूपाने चुकतं झालं.

ते चुकतं होतानाही घोळ झालाच. १६६२ मध्ये इंग्रज आरमार ताबा घ्यायला आलं तेव्हा ‘मुंबई’ म्हणजे नेमकं काय यावरून भांडण जुंपलं. इंग्रज म्हणाले, साष्टी आणि ठाणेही त्यात आलंच. पोर्तुगीज म्हणाले, छे, फक्त ते एक बेट. सर अब्राहम शिपमनची चारशेच्या आसपास माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत बसली आणि बरीचशी तापाने मेली. शिपमनही तिथेच गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबई हाती आली तेव्हा त्यातले शंभर-सव्वाशेच उरले होते. ठाणे पोर्तुगीजांकडेच राहिलं आणि मचव्यांची जकात सुरू झाली.

युरोपातली युद्धं इतकी लांबत का, याची उत्तरं शाळेच्या पुस्तकात धर्म आणि गादी अशी दोन शब्दांत मिळतात. ती चुकीची नाहीत. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने आईच्या बाजूने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि १३३७ ते १४५३ असं ११६ वर्षांचं ‘शतवर्षीय’ युद्ध घडलं. पण भांडण सुरू का झालं आणि मिटलं का नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं पगारात आणि किल्ल्यात आहे. सैनिक भाडोत्री आणि राजे कफल्लक. फिलिपने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये सावकारांपुढे हात झटकले. पगार न मिळालेल्या त्याच्याच फौजेने १५७६ मध्ये अँटवर्प लुटलं. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) सैन्यं गावांवरच जगत. १६३१ मध्ये जर्मनीतलं माग्देबुर्ग जळालं तेव्हा वीस हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यात तोफांना पुरून उरणारे, कोनाकोनांच्या बुरुजांचे नवे किल्ले आले. अशा एका शहराला महिनोन् महिने वेढा घालून बसावं लागे. मैदानावर जिंकलेला सेनापती वेढ्यात थकायचा आणि पुढच्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तसा किल्ला पाहायला युरोपात जायची गरज नाही. वसईला जाऊन तट फिरून यावं. ठाण्याचा किल्लाही त्याच जातीचा. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, फार उशिरा. १७३७ मध्ये मराठे आले तेव्हा काम संपलेलं नव्हतं. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक धार्मिक जाचाची तक्रार घेऊन पेशव्यांच्या दारी अनेक वर्षं खेपा घालत होते. पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा यांची मोहीम निघाली त्यात या खेपांचा मोठा वाटा. मार्च १७३७ मध्ये ठाणे पडलं. वसई मात्र दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात. बुरुजाखाली सुरुंग पेरून, माणसं गमावून ती घ्यावी लागली. नव्या धाटणीचा किल्ला वेळ कसा खातो, हे मराठ्यांनी तिथे अनुभवलं.

या काळात लिस्बनमध्ये ब्राझीलचं सोनं ओतलं जात होतं. राजा पाचव्या जुआँवने ते माफ्राच्या अवाढव्य मठ-राजवाड्यात घातलं. वसईच्या पोर्तुगीजांना मात्र चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा गहाण टाकून मुंबईच्या इंग्रजांकडून कर्ज घ्यावं लागलं. इंग्रजांनी थोडा पैसा आणि दारूगोळा दिला, माणसं दिली नाहीत. वसई पडल्यावर त्यांनी लगेच चिमाजी अप्पांशी तह केला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून कोटाभोवती खंदक खणायला घेतला. हरलेल्या फौजेला चिमाजी अप्पांनी शस्त्रांसह, कुटुंबकबिल्यासह जाऊ दिलं. शरण आलेल्यांना मानाने वाट देण्याची रीत तोवर युरोपातही रुजली होती, त्यामुळे पोर्तुगीजांना त्याचं नवल वाटलं नसावं.

कर्ज काढून लढण्यात इंग्रज तरबेज झाले होते. फ्रान्सशी लढायला पैसा हवा म्हणून १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि तिने सरकारला बारा लाख पौंड दिले. मुंबईच्या कौन्सिलचा खर्च मात्र उत्पन्नात कधी भागत नसे. साष्टीच्या वसुलावर तिचा डोळा पहिल्यापासून होता. १७७४ मध्ये पोर्तुगीज आरमार साष्टी-वसई परत घ्यायला येतंय अशी कुणकुण लागली, आणि त्यांच्याआधी आपणच गाठू म्हणून इंग्रजांनी डिसेंबरात ठाण्यावर हल्ला केला. कमोडोर वॉटसन त्यात जखमी होऊन मेला, पण वर्षअखेरीला किल्ला पडला.

पुढच्या वर्षी पेशवेपदासाठी इंग्रजांची मदत मागणाऱ्या राघोबादादांशी सुरतेचा तह झाला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध रीतसर सुरू झालं. ते सात वर्षं चाललं. मधेच पुण्यात सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस नाना फडणवीसांकडे येऊन बसला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स उतरला आणि इंग्रजांना पुण्यातही फ्रेंच कट दिसू लागला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेने हार पत्करून करार केला, तरी मुंबई आणि कलकत्त्याने तो मानला नाही. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह शेवटी दोन्ही बाजू थकल्यामुळेच झाला. युद्धात इंग्रजांनी घेतलेली वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी आणि ठाणे इंग्रजांकडे राहिलं. १६६२ ला आरमार घेऊन मागितलं होतं ते १२० वर्षांनी कायमचं मिळालं.

ठाण्याच्या किल्ल्याचं पुढे तुरुंगात रूपांतर झालं आणि आजही तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. हद्द खाडीवर ठरल्यामुळे ठाणे मुंबईच्या अंगाला आलं आणि कल्याण काही वर्षं परमुलखात राहिलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंतच आली. खाडीवर पूल बांधून ती कल्याणला पोचली दुसऱ्या वर्षी, मे १८५४ मध्ये. कोपरी रुळांच्या पूर्वेला, खाडीच्या बाजूला राहिली.